लख्ख घासलेली वाटी

८ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते. नसलात तरी तुम्ही सांगणाऱ्यातल्या नाही, त्यामुळे धरून चालण्यावाचून इलाज नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. फोनवर तुम्ही गप्प राहिलात की मला घाम फुटतो आणि मी भलतंच काहीतरी बोलून जाते. परवा तुम्ही तो प्रश्न विचारलात आणि मी 'थांबा हं, दूध उतू चाललंय' म्हणून फोन ठेवला. दूध वगैरे काही नव्हतं. गॅससुद्धा पेटवलेला नव्हता. तुम्हाला ते कळलंच असणार, कारण तुम्ही परत फोन केला नाहीत. त्याबद्दल आभार. उत्तर देईन, पण आधी कामाचं लिहू द्या.

त्याआधीही एक पेच आहे. यांचा उल्लेख कसा करायचा? 'आमचे हे' म्हणायला तुमच्यापुढे संकोच वाटतो आणि 'तुमचे ते' म्हणायची आता सोय राहिली नाही. म्हणून मी त्यांना कारखानदार म्हणणार आहे. पुढे दुकान आणि मागे पत्र्याची शेड एवढाच कारखाना, पण तोरा तुम्हाला माहीत आहे. त्यात काही फरक पडलेला नाही.

तर कारखानदारांनी तुमचे आभार सांगितलेत. स्वतः फोन करायला लाजतात, म्हणून निरोप्याचं काम माझ्याकडे आलंय. पण नुसते आभार सांगून माझं समाधान होणार नाही. तुम्ही आम्हाला कशातून बाहेर काढलंत ते तुम्हाला नीटसं कळलेलंच नाही. फोनवर आम्ही तुकड्यातुकड्यांत सांगितलं, आणि तेही लाज वाटेल तेवढं गाळून.

पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं आणि आमच्याकडची गिऱ्हाइकं परत यायला लागली. गवत कापायची मशीनं, फवारणीचे पंप, जनरेटर, तळ्यावरच्या होड्यांची इंजिनं, जे जे आम्ही दुरुस्त करून दिलं ते ते फिरून दारात. कार्बोरेटर उघडला की खाली ज्या वाटीत पेट्रोल साठतं तिच्यात पांढरा थर, ओल्या चुन्यासारखा. तो पुसला की ॲल्युमिनियमला कांजिण्यांचे व्रण असावेत तसे खड्डे.

आता अशा वेळी कारखानदार काय करणार? घासणार. आपल्या दोघींच्या सासऱ्यांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली, की आपल्या दुकानातून गेलेल्या भागात गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. आधी तारेचा ब्रश, मग वास घेतला तरी डोळ्यांत पाणी येईल अशा क्लीनरमध्ये बुडवून ठेवायचं, मग पॉलिश. वाटी अशी लख्ख व्हायची की मलाही अभिमान वाटायचा. आणि जितकी लख्ख करून द्यावी तितकी ती लवकर परत यायची!

बागेचा मुकादम तर गवत कापायचं मशीन खांद्यावर घेऊन आला आणि टेबलावर आपटून म्हणाला, "वहिनी, आता हे तुमच्याकडेच राहू द्या. मीच अधूनमधून येऊन भेटत जाईन." मी हसले. कारखानदार हसले नाहीत. तळ्यावरच्या होडीवालीने मात्र काही न बोलता सगळी इंजिनं उचलून दुसरीकडे नेली, आणि ते मुकादमाच्या आपटण्यापेक्षा जास्त लागलं. बाजारात बोललं जाऊ लागलं की आम्ही हलके भाग घालतो. ताई, हा माणूस कसाही असेल, तुम्हाला त्याचे गुण माझ्याआधीपासून माहीत आहेत, पण हलकं काम त्याने जन्मात केलं नाही. जेवताना कारखानदार नुसते ताटाकडे बघत बसायचे.

शेवटी आपल्या खारूनेच फोन लावला तुम्हाला. 'आई दिवसभर हेच करते, पेट्रोलमध्ये धातू बुडवून बसते, तिला विचारायला काय हरकत आहे?' कारखानदार म्हणाले, हरकत आहे. तोवर हिने फोनचा कॅमेरा वाटीवर धरलाही होता. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि विचारलंत, "हिचा मूळचा रंग कुठे गेला?"

"कसला रंग?"

"पिवळट, कळकट असा थर असतो बघा नव्या वाटीवर."

"तो डाग ना? तो आम्ही घासून काढतो," कारखानदार म्हणाले. काय अभिमान होता आवाजात!

तुम्ही वाटी पुन्हा जवळ धरायला लावलीत. मग अगदी हळू आवाजात म्हणालात, "तो डाग नव्हता हो. ती तिची कातडी होती. मुद्दाम दिलेली असते."

बाकीचं तुम्ही समजावलंत ते मी आता गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलमधून फुटून तळाशी बसतात, आणि तळाशी आहे कोण, तर आमची कातडी सोललेली उघडी वाटी आणि तिच्यात पितळेचा जेट, म्हणजे पेट्रोल पुढे सोडणारी बारीक तोटी. त्या पाण्यात दोन धातू शेजारी आले की एक दुसऱ्याच्या वाटचंही झिजतो, मग पितळ सुखरूप आणि ॲल्युमिनियमची चाळण. तुम्ही एकदाही 'एवढंसुद्धा कसं कळलं नाही' असं म्हणाला नाहीत. उलट म्हणालात की इतक्या मनापासून साफ करणारं दुकान मी पाहिलेलं नाही, दुसऱ्या कुणाला ही अडचण एवढ्या लवकर आली नसती. फोन ठेवल्यावर कारखानदार उठले, तारेचा ब्रश खिळ्याला टांगला आणि तोंड धुऊन आले. त्या दिवशी नीट जेवले.

एक मात्र माझ्या डोक्यात शिरलेलं नाही. तुम्ही शेवटी म्हणालात की तुमच्या लॅबमध्ये तुम्ही हेच मिश्रण तापवून बघता, आणि तापल्यावर ते अगदी कोरडं असेल तर ॲल्युमिनियमला जास्तच खातं, किंचित पाणी असलेलं बरं. म्हणजे पाणी हवं की नको, एकदा काय ते ठरवा! खारू म्हणते, 'मावशी, किती आणि कधी त्यावर आहे.' तुमच्यासारखीच बोलते हल्ली.

शेडमध्ये तिने तुमच्या सांगण्यावरून दोन बरण्या ठेवल्यात. दोन्हींत तेच पेट्रोल आणि थोडं पाणी, दोन्हींत पितळी स्क्रू लावलेला वाटीचा तुकडा. एक घासलेला, एक न घासलेला. झाकणं घट्ट, कुलूप लावलेलं, आसपास ठिणगी नाही. ते मी स्वतः बघते, काळजी नको.

आता तुमचा प्रश्न. 'खारूची शाळा संपली की पुढच्या शिक्षणाला तिला माझ्याकडे राहायला पाठवाल का? तुम्ही हो म्हणालात तरच मी तिला विचारीन, नाहीतर हा विषय तिच्या कानावरही घालणार नाही.' असं तुम्ही म्हणालात. शब्दन् शब्द लक्षात आहे.

उत्तर अजून तयार नाही. दूध उतू चाललंय असं समजा.

तुमची,
खारूची मावशी

१५ मार्च

ताई,

नमस्कार. तुम्ही दोनदा फोन केलात आणि दोन्ही वेळा बरण्यांची चौकशी करून ठेवलात. उत्तर मागत नाही तुम्ही. मागितलं असतंत तर मला भांडता तरी आलं असतं.

आज जरा रागातच लिहितेय. राग तुमच्यावर नाही, पण दुसरं कुणी सापडत नाही. तुम्ही हे मला का विचारलंत? कारखानदारांना विचारायचं. बाप आहेत. किंवा सरळ पोरीलाच विचारायचं, तुम्ही तिची आई आहात, तुम्हाला कोण अडवणार होतं? मी हातपाय आपटले असते, चार दिवस अबोला धरला असता आणि गप्प बसले असते. आता नाही म्हटलं तर मीच नाही म्हटलं, आणि हो म्हटलं तरी मीच. बरं अडकवलंत.

नाही म्हणायला माझ्याकडे कारणं भरपूर आहेत. तुमच्याकडे खोली एकच. तुम्ही उशिरापर्यंत लॅबमध्ये. तिला सर्दी झाली की छातीत उतरते. इथलं कॉलेजही काही टाकाऊ नाही. आणि दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायला ती हवीच, कारखानदार बोलले की गिऱ्हाईक पळतं.

वाचून बघितलं. एकही कारण खरं नाही. म्हणजे सगळी खरी आहेत, पण त्यातलं एकही कारण नाही.

खरं कारण हे की मला मूल झालं नाही. तुम्हाला ते माहीत आहे, तुम्ही कधी त्यावर बोलला नाहीत. लोक हळहळायचे तेव्हा मला नवल वाटायचं, कारण खारूने मला त्याचं दुःख करायला सवडच दिली नाही. दप्तर, वेण्या, ताप, रुसवे, हरवलेला एक मोजा. ती गेल्यावर मात्र सवड होईल. मला त्या सवडीची भीती वाटते, ताई.

एवढं लिहून बरं वाटलं. होडीवाली परत आली हे सांगायचं राहिलं. नुसतं एक इंजिन ठेवून गेली, 'बघू' म्हणाली. कारखानदारांनी ते मऊ ब्रशने इतक्या हलक्या हाताने पुसलं की मला वाटलं आता पावडर लावतात.

मावशी

२ मे

ताई,

नमस्कार. हे पत्र मी दुकान बंद असलेल्या दिवशी लिहितेय. कारखानदार आणि खारू जुन्या भंगारातून काहीतरी शोधायला गेलेत, घरात मी एकटी आहे, आणि दूध खरंच गॅसवर नाही.

बरण्या काल उघडल्या. खारूने तुम्हाला फोटो पाठवलेच असतील, पण फोटोत माणसं येत नाहीत म्हणून मी लिहिते. तिने मुकादमालाही साक्षीला बोलावलं होतं. कारखानदार आधी शेडमध्ये यायलाच तयार नव्हते, नोझल साफ करतोय म्हणाले, आणि मग सगळ्यांच्या पुढे येऊन उभे राहिले. तिने हातमोजे घालून चिमट्याने आधी न घासलेला तुकडा काढला. जरा काळवंडलेला, बाकी जसाच्या तसा. मग घासलेला काढला. तो आत टाकताना आरशासारखा होता. आता त्यावर पांढरा लगदा, आणि पितळी स्क्रूभोवती तर कुरतडल्यासारखं. तिने फडक्याने पुसून तो वडिलांच्या हातात दिला.

त्यांनी उलटसुलट करून बघितला. "एवढं स्वच्छ करूनसुद्धा," म्हणाले.

"सुद्धा नाही बाबा. म्हणूनच," खारू म्हणाली. आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून लगेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही काम चुकवलं नाहीत ना. जरा जास्तच केलंत."

मुकादम म्हणाला, "मग घरी जाऊन बायकोला सांगतो, आजपासून मी भांडी घासणार नाही. शास्त्रात बसत नाही." कारखानदार इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांचं हसणं कसं असतं ते तुम्हाला आठवत असेल. गेल्या वर्षभरात मी ते ऐकलं नव्हतं. ताई, हे तुम्ही परत दिलंत आम्हाला. होडीवालीची सगळी इंजिनं आता पुन्हा आमच्याकडे आहेत, पण मी ते हसणं आधी धरते.

मग मुकादमाने सहज विचारलं, "शाळा संपली. आता पुढे काय गं?"

खारू म्हणाली, "इथेच. जवळच आहे की कॉलेज. मावशीला एकटीला दुकान झेपत नाही."

मी ऐकत उभी राहिले. मला दुकान झेपत नाही? हिचा हात टेबलाला पुरत नव्हता तेव्हापासून मी ते दुकान एकटी बघतेय! आणि बोलताना तिचा चेहरा कसा होता सांगू, फोनवर दूध उतू चाललं म्हणताना माझा झाला असेल ना, अगदी तसा. खोटं बोलायलाही माझ्याकडूनच शिकली.

संध्याकाळी आम्ही दोघी मोरीवर त्या बरण्या धूत होतो. ती साबण लावत होती, मी पाणी घालत होते. मान वर न करता तिने विचारलं, "मावशी, आई जेवायला कुणाबरोबर बसते?"

"मला काय माहीत? विचार तिलाच."

"विचारलं होतं. पुस्तकाबरोबर म्हणाली." बरणीला पुन्हा साबण लावत म्हणाली, "ती हसत म्हणाली. मला नाही हसू आलं."

बरणी केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ती घासत राहिली. मी तिच्या हातून काढून घेतली. तिला काय हवंय ते मला तिथेच कळलं. तुम्ही तिला एका शब्दाने विचारलेलं नाही, दिलेला शब्द पाळलात, आणि ती मनातल्या मनात कधीची तुमच्या त्या एका खोलीत जाऊन बसलीय. फक्त मला सोडून जाणं तिच्या जिवावर येतं म्हणून इथे पाय रोवून उभी आहे. पोरीने माझ्यासाठी थांबावं याचा मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू, मोरीवरच ऊर भरून आला. पण तिला थांबवून ठेवावं एवढी मी वाईट नाही. निदान तुमच्या मते तरी नाही, नाहीतर तुम्ही मला विचारलंच नसतंत.

म्हणून उत्तर हो आहे.

लिहून झालं.

ताई, तुम्हाला तो जिना आठवतो? तुम्ही तिला पहिल्यांदा माझ्याकडे सोडायला आला होतात. बदलीच्या नोकरीत तिची शाळा मोडू नये म्हणून तुम्ही तिला इथे ठेवत होतात, आणि मी नव्या संसारात नवी, तुम्ही काय काय बजावून जाल या धास्तीने पदर पिळत उभी होते. तुम्ही दोन पायऱ्या उतरून परत वर आलात आणि एवढंच म्हणालात, "तिला झोपताना दिवा लागतो. लाजते, मागणार नाही. तुम्हीच विसरल्यासारखा चालू ठेवा." बस्स. ना 'माझी जागा घेऊ नका', ना 'माझ्याविषयी वाईट सांगू नका'. माझ्यावर एवढा विश्वास माझ्या सख्ख्या माणसांनी टाकलेला नव्हता. पुढे सुट्टीत न्यायला यायचात तेव्हाही ती वाळली का, तिच्या गुडघ्याला काय लागलं, कधी तपासणी केली नाहीत. मी एवढी वर्षं जी काही बरी वागले ती त्या जिन्यातल्या बोलण्यामुळे. हे तुम्हाला कधीतरी सांगायचंच होतं. आज सांगितलं.

आता जिन्यात उभं राहायची पाळी माझी. तिला सर्दी झाली तर लगेच वाफ द्यायला लावा, ती नाही म्हणेल. चिडली की कपाट आवरायला घेते, तेव्हा मध्ये बोलू नका, कपाट झालं की आपणच येऊन बिलगते. परीक्षेच्या आधी उपाशी जाते. आणि काही दिवस अगदी मुकी होते, कळकट तोंड करून फिरते. मी पहिल्यांदा घाबरले होते. मग कळलं की तेव्हा प्रश्न विचारून घासायचं नाही, असू द्यायचं. हे मी तुमच्याआधी शोधून काढलंय, फक्त तुमच्यासारखं बरणीत घालून सिद्ध केलेलं नाही. दिवा आता तिला लागत नाही. कधीच सुटला. चालू ठेवते ती मी, माझ्यासाठी.

तिला तुम्ही फोन करा तो रविवारी सकाळी. त्या वेळी मी होडीवालीचं इंजिन पोचवायला तळ्यावर जाईन. मी समोर असले तर ती माझ्या तोंडाकडे बघून उत्तर देईल, आणि माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही. कारखानदारांशी मी बोललेय. ते म्हणाले, "तिच्या आईकडेच जातेय, परक्याकडे नाही," आणि नोझल साफ करायला गेले. सध्या त्यांच्याइतके साफ नोझल कुणाकडे नसतील. ती हो म्हणाली तर मला तुम्ही कळवू नका. मी परत आले की तीच सांगेल. तेवढा माझा मान राहू द्या.

तिला सोडायला मी येणार आहे. रडायचं नाही असं ठरवलंय, अगदी कोरडी राहणार आहे. पण त्या दिवशी आतून तापलेली असेन, आणि अशा वेळी अगदी कोरडं राहिलेलं बरं नसतं हे तुमच्याच लॅबने शोधलंय, तेव्हा थोडंफार पाणी आलं तर समजून घ्या. आणि मी आलेय तशी एक दिवस राहीन म्हणते. तुमच्या टेबलाला तिसरी खुर्ची नसेल तर कुठूनतरी मागून आणा. पुस्तक बाजूला ठेवा आणि तिघी जेवू.

खारू मला मावशी म्हणते. सुरुवातीला कधीकधी वाटायचं, आई म्हणाली असती तर? आता नाही वाटत. मावशी म्हणजे आईची बहीण, आणि ती पोर उगाच काही म्हणत नाही.

तुमची धाकटी बहीण